धोरणाचा अभ्यास : कोलंबियाचा धडा

आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे असे आई-वडिलांना वाटते. ते योग्यच आहे. परंतु दवाखाना कोणत्या गावात होणार, शिष्यवृत्तीसाठी पैसा किती मिळणार, हे ठरविण्यासाठी लागणारी विद्या वेगळी आहे. तिला सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणतात. तो कसा करावा, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे.

1880 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन बर्जेस यांनी राज्यशास्त्राचे विद्यालय काढले. इतिहास, कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवून सार्वजनिक सेवेसाठी माणसे तयार करावीत, हा त्यामागील हेतू होता. तेथील प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे गाढे पंडित. प्राप्तिकरावरील त्यांचा ग्रंथ 1911 साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी 1913 मध्ये अमेरिकेत सोळावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन संघराज्य सरकारला प्राप्तिकर बसविण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले.

1915 साली बाबासाहेब एम. ए. झाले. पुढे पीएच. डी.साठी त्यांनी हाती घेतलेला विषय वरकरणी रुक्ष होता. ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली? 1833 च्या कायद्याने सारी तिजोरी केंद्राच्या हाती गेली. खर्च प्रांतांनी करायचा, पैसा मात्र केंद्राने उभा करायचा. मग काटकसर कोण करणार? बाबासाहेबांनी 1871 पासूनचे तीन टप्पे आकड्यांनिशी मांडले. आधी प्रांतांना ठरावीक रक्कम मिळे. नंतर काही महसूल नेमून दिले गेले. 1882 पासून महसुलाची वाटणी सुरू झाली. पैसा कोण उभा करतो, खर्च कोण करतो आणि जाब कोण देतो, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

हा ग्रंथ 1925 साली निघाला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहून त्यातील वस्तुनिष्ठ मांडणीचा गौरव केला. गुरूशी नेहमी मत जुळलेच पाहिजे असे मात्र नाही. लंडनमध्ये 1923 साली डी. एस्सी. मिळविताना रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी प्रबंध लिहिला. त्यातील पुष्कळ टीका आपल्याला मान्य नाही, असे प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच सांगितले, तरी शिष्याच्या ताज्या विचारांची दाद दिली. 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे याच अभ्यासाच्या बळावर बाबासाहेबांनी साक्ष दिली.

विद्यार्थी मित्रांनो, यातून आपण काय घ्यावे? बाबासाहेबांच्या पदव्या आपण तोंडपाठ म्हणतो, त्यांची अभ्यासपद्धती मात्र विसरतो. 1979-80 पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजनेची तरतूद सुरू झाली. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या जिल्ह्याचा तिचा हिशेब पाहिला आहे? एक वही घ्या. तीन रकाने आखा : मंजूर किती, हाती आले किती, खर्च झाले किती. पाच वर्षांचे आकडे भरा. दोन रकान्यांत तफावत दिसली की तिचे कारण शोधा. तेथूनच संशोधन सुरू होते.

मोर्चा काढणे आवश्यक असते. परंतु मोर्चाच्या निवेदनाला आकड्यांचा आधार असेल, तर ते सहजासहजी टोपलीत टाकता येत नाही.