पोरीला पुढं शिकायचंय, पण पैशाचं काय?



गेल्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळेला एक पालक वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांची मोठी मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. आता ती भुसावळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. चप्पल बाहेर काढून ते आत आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीले पुढे शिकायचं हाये, पी.एच.डी. करीन म्हणते. पन माह्याजवळ इकाले काय हाये? दीड एकर वावर, तेबी भावाच्या सामायिकात."

खरं सांगायचं तर मी डी.एड. केलं तेव्हा आमच्या घरीही हाच प्रश्न होता. लवकर पगार सुरू होईल ते शिकायचं, एवढाच विचार झाला. संशोधन करणाऱ्याला पैसे मिळतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून चार दिवस बसून माहिती गोळा केली. ती त्या काकांपुरती ठेवण्यापेक्षा इथं मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे पीएच.डी. आणि एम.एस्सी. यांचा हिशोब वेगळा आहे. विज्ञानातली पीएच.डी. आपल्या देशात फी भरून करायची गोष्ट नाही, निदान नीट मार्गाने गेलं तर नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट नावाची परीक्षा सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते. रसायन, भौतिक, गणित, जीवविज्ञान आणि पृथ्वीविज्ञान हे तिचे मुख्य विषय. त्यात वरच्या गुणांनी पास होणाऱ्याला जेआरएफ मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर कामाचा आढावा होऊन ती ४२,००० होते. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. हा आकडा ऐकून ते काका खुर्चीवर सरसावून बसले. "शिकाचे पैसे देता?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पण पैसे वेळेवर येतातच असं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. फेलोशिप कधी कधी काही महिने रखडते आणि मग एकदम जमा होते. म्हणून सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांची तजवीज गाठीशी हवी.

खरी अडचण मधल्या दोन वर्षांची आहे, म्हणजे एम.एस्सी.ची. इथं पगार नाही. ज्यांना बारावीत आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात गुण होते आणि ज्यांनी बी.एस्सी.ला मूलभूत विज्ञान घेतलं, त्यांच्यासाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला ८०,००० रुपये, एम.एस्सी.पर्यंत. या मुलीचे गुण तेवढे नव्हते. तिच्यासाठी दोन वाटा दिसतात. एक म्हणजे जळगावचं आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. १९९० साली ते निघालं म्हणून पुण्याला न जाता आपल्या कितीतरी मुली एम.एस्सी. झाल्या. तिथं घरून जाऊन-येऊन शिकता येतं, आणि पात्र असेल तर महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. दुसरी वाट जॅमची. ही परीक्षा दिली की आयआयटीत एम.एस्सी.ला, किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत थेट एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र असलेल्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. या एकत्र अभ्यासक्रमात पहिल्यापासून विद्यावेतन मिळतं. जॅमचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा आणि पेपर फेब्रुवारीत. आपल्याकडची बहुतेक मुलं निकाल लागल्यावर जूनमध्ये विचारायला येतात. तेव्हा ती दारं कधीच बंद झालेली असतात.

याच आयआयएससीत १९३३ साली एका मराठी मुलीने अर्ज केला होता. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. मुंबई विद्यापीठाची चांगल्या गुणांची बी.एस्सी. हातात होती. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. ती घरी बसली नाही, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे. १९३६ मध्ये तिने एम.एस्सी. पूर्ण केली, नंतर शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. घरची माणसं शिकलेली, तरी परदेशाचा खर्च शिष्यवृत्तीने भागवला, हे मला महत्त्वाचं वाटतं. मी ही गोष्ट आमच्या चौथीच्या वर्गातही सांगते. मुली रामन यांच्यावर फार चिडतात.

परदेशाचं नाव निघालंच आहे तर थोडं सांगते. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. एम.एस.चा खर्च मात्र बहुतेक वेळा आपणच करायचा असतो. एजंट लोक एम.एस.चंच गाणं गातात, कारण त्यांचं पोट त्यावर. तिथल्या अर्जाला साधारण तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. ती ऐनवेळी मागितली तर दोन ओळींचं पत्र हातात पडतं. प्रयोगशाळेत सरांनी आपलं काम पाहिलेलं असावं लागतं, म्हणून आत्तापासूनच त्यांच्याकडे एखादं छोटं प्रोजेक्ट मागून घ्या. फॉर्मची फी दर विद्यापीठाला वेगळी भरावी लागते. परिस्थिती बिकट असेल तर ती माफ करा अशी ई-मेल पाठवता येते. पुष्कळ ठिकाणी तशी सोय असते.

राज्यातल्या संस्थाही विसरू नका. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर यांच्या फेलोशिपला अर्ज करता येतो. जाहिरातीवर मात्र डोळा ठेवावा लागतो.

आता कागदांचं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जॅमच्या फॉर्ममध्ये ओबीसी लिहिलं, आणि नॉन-क्रिमीलेअर जोडलं राज्याच्या नमुन्यातलं, तेही जुनं. केंद्राच्या परीक्षेला केंद्राचा नमुना लागतो आणि तारीख त्यांनी सांगितलेल्या मुदतीतली लागते. बिचाऱ्याला खुल्या गटात धरलं आणि थोडक्यात जागा गेली. एक वर्ष तो घरीच ट्यूशन घेत बसला. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू आर्थिक वर्षाचाच लागतो. दाखला निघायला दिवस लागतात, म्हणून फॉर्म भरायच्या आधी दाखल्याच्या मागे लागा.

काकांना हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, "मॅडम, बाबांनी कागद देवाजवळ ठेवलाय, मला बघायला द्या म्हणावं!" हसू आलं. मग मी फोटो काढून ठेवलेला तिला पाठवला. तिने जळगाव आणि जॅम दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलंय. जॅमला नाही लागली तर जळगावला एम.एस्सी. करून नेट देईन, असं तिचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं.

येत्या शनिवारी सकाळची शाळा आटोपली की आम्ही तिघं भुसावळच्या महा ई-सेवा केंद्रावर जाणार आहोत. काकांनी परवा परत फोन करून विचारलं, "मॅडम, रेशन कारडाची झेराक्स आनू का असल?" दोन्ही आणा म्हटलं.