घड्याळ चालू आहे, पण नाडी मोजते आहे का?



धम्मबंधू-भगिनींनो, स्मार्टवॉच आता आपल्या वस्त्यांतही बऱ्याच मनगटांवर दिसते. मुलगा किंवा मुलगी कमावती झाली की आईवडिलांना ते घेऊन देते. वडिलांना हृदयाचा त्रास असतो, आईला बीपीची गोळी चालू असते, आणि मुले दिवसभर कामावर असतात. घड्याळ नाडीवर लक्ष ठेवील, असा घरच्यांना आधार वाटतो.

हा आधार घड्याळाच्या बॅटरीवर उभा आहे. बॅटरी संपली की मोजणी बंद पडते, हे सर्वांना ठाऊक असते. पण बॅटरी कमी झाल्यावर किंवा बचतीचा मोड लावल्यावर वेळ दिसत राहते आणि नाडीची मोजणी मात्र बंद झालेली असू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर बॅटरीचा विषय घेतला आहे.

बॅटरी इतक्या लवकर का उतरते?

आजच्या साध्या मोबाईलची बॅटरी साधारण 5000 एमएएचची असते. घड्याळाची बहुधा 200 ते 500 एमएएचच्या आसपास असते. इतक्याशा साठ्यावर पडदा, कंपन, ब्लूटूथ आणि नाडी मोजणारा दिवा एवढे सगळे चालते.

घड्याळ पालथे केले की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. हा उजेड कातडीत शिरतो. रक्त तो शोषते, आणि दर ठोक्याला रक्त कमी-जास्त झाले की परत येणारा उजेडही बदलतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. दिवा जितक्या वेळा लागेल तितकी बॅटरी खर्च होईल. अनेक घड्याळांत नाडी दर मिनिटाला मोजायची की दर दहा किंवा तीस मिनिटांनी, हे आपल्याला ठरवता येते.

बॅटरी जास्त खाणाऱ्या गोष्टी अशा: सतत उजळ राहणारा पडदा, जास्त ब्राइटनेस, हात हलवला की पडदा लागणे, घड्याळावरून फोनवर बोलणे, जीपीएस, आणि प्रत्येक ग्रुपच्या मेसेजला होणारे कंपन.

स्वतः तपासून पाहा

डब्यावर ‘सात दिवस बॅटरी’ असे छापलेले असते. तो आकडा कंपनीने ठरवलेल्या वापराचा असतो, आपल्या घरातल्या वापराचा नसतो. धम्माचा एक गुण एहिपस्सिको सांगितला आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. तीच रीत इथे लावू. वही-पेन घ्या.

1. सुट्टीच्या दिवशी सकाळी 8 वाजता घड्याळ 100 टक्के चार्ज करून हातात घाला. वेळ आणि टक्के लिहा. टक्के घड्याळाच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ या ठिकाणी किंवा फोनवरच्या ॲपमध्ये दिसतात.
2. नेहमीसारखे वापरा. दुपारी 2, रात्री 10 आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता पुन्हा टक्के लिहा.
3. समजा 24 तासांनी 65 टक्के उरले, तर दिवसाला 35 टक्के खर्च झाले. 100 वरून 20 टक्क्यांवर यायला या हिशेबाने सव्वादोन दिवस लागतील. म्हणजे या घड्याळाला एक दिवसाआड चार्जिंग हवे.
4. हीच तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. पूर्वी 35 टक्के लागत होते आणि आता 50 लागत असतील, तर आधी सेटिंग पाहा. कुणीतरी पडदा सतत उजळ ठेवला असेल किंवा नवे अपडेट आले असेल. अपडेटनंतर एक-दोन दिवस बॅटरी जास्त उतरू शकते. सेटिंग तेच असूनही खर्च वाढलेला असेल, तर बॅटरी थकत चालली आहे असे समजा.

लिथियम बॅटरी वापराने थकतेच. ॲपल वॉचची बॅटरी 1000 पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के राहावी अशी बनवलेली असते, असे कंपनी सांगते. पूर्ण चार्जिंग म्हणजे एकूण 100 टक्के वापर. आज 50 आणि उद्या 50 टक्के वापरले, तर दोन्ही मिळून एकच धरतात. ॲपलच्या घड्याळात ‘बॅटरी हेल्थ’ असा आकडाही दिसतो. स्वस्त घड्याळांत बहुधा तो नसतो. तिथे आपली वहीच कामाला येते.

बचत करताना नको ते बंद होऊ नये

बॅटरी टिकावी म्हणून लोक सरसकट बचतीचा मोड लावतात. इथेच सावध राहायला हवे. ॲपल वॉचचा ‘लो पॉवर मोड’ लावला की नाडीची आपोआप होणारी मोजणी थांबते. ठोके फार वाढले, फार कमी झाले किंवा अनियमित झाले तर मिळणारी सूचनाही बंद होते. इतर घड्याळांत काय बंद होते ते कंपनीनुसार बदलते. आपल्या घड्याळाचे ओळखण्याची सोपी रीत अशी: मोड लावून घड्याळ दोन तास हातात ठेवा, मग ॲपमध्ये नाडीचा आलेख उघडा. त्या दोन तासांची रेषा कोरी असेल, तर मोजणी बंद होती.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी बचत अशी करावी: पडदा सतत उजळ ठेवू नये, ब्राइटनेस कमी करावा, ग्रुपचे मेसेज घड्याळावर बंद ठेवून फक्त फोनची घंटा चालू ठेवावी, रात्री झोपेचा मोड लावावा म्हणजे पडदा लागणार नाही. नाडीची मोजणी सर्वात शेवटी कमी करावी.

कामावर असलेल्या मुलांनीही एक ध्यानात घ्यावे. वडिलांच्या आलेखात रेषा तुटलेली दिसली की घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका. आधी फोन करून विचारा. बॅटरी संपली असेल, पट्टा सैल असेल, किंवा फोनच्या बचत मोडने ॲप बंद केले असेल. मनगटावर गोंदण असेल, तर त्याचा रंग उजेड अडवतो. घड्याळ दुसऱ्या हातात घालून पाहावे.

चार्जिंगची वेळ आणि जागा

वेळ ठरलेली असली की विसर पडत नाही. आंघोळ आणि चहा-नाश्ता होईपर्यंतचा वेळ बऱ्याच घड्याळांना पुरतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी कामावर निघण्यापूर्वीची वेळ धरावी. बॅटरी शून्यावर येऊ देऊ नका, 20 टक्क्यांच्या आसपास आली की लावा.

आपल्या खोल्या लहान. एकाच बोर्डावर फ्रिज, पंखा, फोन आणि घड्याळ, शेजारी गॅस आणि वर पत्रा. म्हणून जागा नीट निवडा.

• उशीखाली, गादीवर किंवा शेगडीजवळ चार्जिंग करू नका. उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते. पत्र्याखाली दुपारी तापलेल्या फळीपेक्षा सकाळची किंवा संध्याकाळची वेळ बरी.
• घरात जागे माणूस असतानाच लावा.
• सोबत आलेलीच केबल वापरा. घड्याळाची पाठ आणि चार्जिंगच्या पिना घामाने खराब होतात. कोरड्या मऊ कापडाने पुसून मगच लावा.
• पडदा वर उचलला गेला, पाठ फुगली, घड्याळ नेहमीपेक्षा जास्त तापले किंवा वेगळा वास आला, तर ताबडतोब हातातून काढा. पुन्हा चार्ज करू नका, टोचू किंवा दाबू नका. ते बॅटरी फुगल्याचे लक्षण असू शकते.

गर्दीच्या दिवशी

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना तयारी वेगळी लागते. प्रवास लांबचा, उभे राहणे फार, आणि गर्दीत नेटवर्क मिळणे कठीण. नेटवर्क शोधताना फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. ज्या घड्याळात स्वतःचे सिम नाही, त्याचे मदतीचे बटन फोनच्याच जोरावर चालते. फोन बंद पडला तर ते बटनही निरुपयोगी. म्हणून निघताना दोन्ही पूर्ण चार्ज करा, घड्याळाची केबल आणि पॉवर बँक सोबत घ्या. वयस्कांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, आजार, चालू गोळ्या आणि घरच्या दोघांचे नंबर. या चिठ्ठीला बॅटरी लागत नाही.

घड्याळ डॉक्टर नाही

पूर्ण चार्ज असलेले घड्याळही डॉक्टरची जागा घेत नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने किती त्रास दिला हे आपण जाणतो. आज आपल्या घराघरांत तो आजार आहे. त्यामुळे सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळाचा मोह पडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना बजावले की स्वतःहून अशी साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त करणे जिवावर बेतू शकते. बीपीचेही तसेच. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे, त्यांनाही दर 28 दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. तेव्हा तीस वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यावी.

छातीत दुखणे, दरदरून घाम, दम लागणे, एका बाजूची ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर घड्याळाकडे पाहत बसू नका. 108 ला फोन करा.

शेवटी कचऱ्याचे

थकलेले घड्याळ घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि तिथे हात घालणारा सफाई कामगार पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच घड्याळ द्या.

येत्या रविवारी विहारातील वंदनेनंतर तरुणांनी अर्धा तास थांबावे आणि वस्तीतल्या ज्येष्ठांच्या घड्याळांचे सेटिंग तपासून द्यावे. वहीतील नोंद कशी करायची तेही शिकवावे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!