सोहमच्या नव्या रबराबद्दल

चि. सोहम,

ताईचा फोन आला होता. टेबल टेनिसच्या बॅटला नवं रबर लावलंस, पहिल्याच संध्याकाळी टॉपस्पिन गोळीसारखे सुटले आणि आता जुनी बॅट देऊन टाकतोयस म्हणे. थांब जरा. तीन आठवडे ती घरात राहू दे.

पहिल्या संध्याकाळी कुठलंही रबर चांगलंच खेळतं, कारण आपण आपला लाडका फटका मारत बसतो. मित्र फोरहँडला बॉल देतो, आपण ओढतो. त्यात हात खूश होतो, रबर कळत नाही. मीही असाच फसलो होतो. मऊ स्पंजचं, सगळ्यात जाड रबर घेतलं. सरावात मी राजा. स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत एका पोट सुटलेल्या काकांनी आखूड, कट दिलेल्या सर्व्हिस सुरू केल्या. मी पुश करायला जावं आणि बॉल नेटवर वीतभर उठावा. उठलेला बॉल ते अगदी शांतपणे मारत होते. एकदाही घाई केली नाही त्यांनी.

म्हणून तू आखूड पुशपासून सुरुवात कर. हलक्या हाताने लावलास तरी स्पंज बॉल उडवतो का? पलीकडे त्याचे दोन टप्पे पडतात का? मग जड टॉपस्पिनसमोर बॅट नुसती धर आणि ती किती झाकावी लागते ते बघ. त्यानंतर कटवरचा पहिला लूप, तोही पाय उशिरा पोचलेले असताना. मॅचमध्ये निम्मे बॉल तसेच येतात.

वहीत दोनच रकाने आख: नेटमध्ये गेलेले आणि टेबलाबाहेर गेलेले. बहुतेक चुका एकाच रकान्यात असल्या तर बॅटचा कोन बदलायचा आहे, आठवड्यात जमेल. दोन्हीकडे सारख्याच पडत असतील तर मात्र ते रबर तुझ्या हाताला अजून झेपत नाही. बॅटचं लाकडी ब्लेड आणि बॉल तेवढे जुनेच ठेव, नाहीतर दोष कुणाला द्यायचा?

आवाजावर तर मुळीच जाऊ नकोस. रबर चिकटवायच्या स्पीड ग्लूवर 2008 साली बंदी आली, तोवर आम्ही त्याने येणाऱ्या खणखणीत आवाजालाच वेग समजायचो. आणि 1952 साली आपल्या मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला, तिचा आवाजच येईना. टकटक ऐकून फटका ओळखणारे भलेभले गडबडले आणि पुरुष एकेरी त्याने जिंकली.

तुमच्या चिपळूणच्या पावसाचंही ध्यानात ठेव. दमट हॉलमध्ये रबर ओलसर होतं, बॉल घसरून नेटमध्ये जातो आणि शिव्या रबराला बसतात. दर दोन-चार पॉइंटांनी कोरड्या फडक्याने पूस. त्या संध्याकाळचे आकडे वहीत वेगळे लिही.

गणपतीला येतोय. वही तयार ठेव. आखूड सर्व्हिस मी करीन. पोट आता माझंही सुटलंय.

तुझा,
मामा