बफ मारला तर किंमत वाढेल का?

प्रश्न : एका निवृत्त कामगाराकडून जुना लोखंडी रंधा आणि बाकाचा शेगडा (व्हाइस) घेतला आहे. विकण्याआधी दोन्हींना बफ मारून घेऊ का? – एक वाचक, आकुर्डी

उत्तर : मुळीच नको. जुन्या हत्याराची किंमत चकाकीत नसते. ते कोणी घडवलं आणि कोणी वापरलं हे सांगणाऱ्या खुणांत असते. शेगडा शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’चा असेल, तर नाव बिडात ओतलेलं असतं. बफ फिरला की अक्षरांच्या कडा झिजतात आणि ओळखच पुसली जाते. आपल्या कारखानी पट्ट्यातल्या हत्यारांवर कामगारांनी पंचने ठोकलेली आद्याक्षरंही सापडतात. ती तर जिवापाड जपावीत. रंध्याचं पातं आणखी नाजूक. यंत्रावर घासताना धार निळी पडली, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. असं पातं दिसायला देखणं, पण चार हात मारले की बोथट.

बफ मारला नाही तर गंज लोखंड खाईल, ही शंका रास्त आहे. पण सगळा थर सारखा नसतो. बोटाला लागणारी तांबडी भुकटी म्हणजे चालू गंज. तो रॉकेल आणि बारीक स्टील वूलने, हातानेच काढा आणि तेलाचा बोळा फिरवा. घट्ट बसलेला काळपट थर राहू द्या. पुण्याच्या जुन्या बाजारात चकचकीत माल लवकर उचलला जातो, असं कोणी म्हणेल. उचलला जाईलही, पण वापरातल्या हत्याराच्या भावाने. जास्त भाव देणारा संग्राहक मात्र आधी भिंग लावून अक्षरं वाचतो, मग मूळ मूठ आणि स्क्रू जागेवर आहेत का ते पाहतो.