हात न टेकता खुर्चीतून उठता येते का?

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांना ताप आला. मी औषध दिले आणि “आता विश्रांती घ्या” असे सांगितले. ताप पाच दिवसांत उतरला, विश्रांती मात्र तीन महिने चालली. घरची माणसे मायेची. पाणी हातात, जेवण कॉटवर. दिवाळीनंतर गुरुजी दवाखान्यात आले ते दोन्ही मुलांच्या आधाराने. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सारे ठीक होते. गेली होती ती मांड्यांतली ताकद. विश्रांती किती दिवस घ्यायची हे मी सांगितले नाही, ही चूक माझी.

साठीनंतर स्नायू झिजतात हे खरे. पण वयापेक्षा अंथरूण जास्त नुकसान करते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दमसास जेवढा घटला होता, त्याहून अधिक तो त्या तीन आठवड्यांत घटला होता!

गेलेली ताकद परत येते का? येते. १९९० साली बोस्टन येथील डॉक्टरांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करवून घेतले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून अधिक झाली.

आज घरीच एक परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठून बसा. पंधरा सेकंदांहून अधिक लागले किंवा उठताच आले नाही, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजा.

मग काय करावे?

१) हीच उठबस रोज जमेल तेवढी करा; हळूहळू दहापर्यंत न्या. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल.

२) ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीला तळहात लावून, कोपरे वाकवून पुढे-मागे व्हा. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवेत. श्वास रोखू नका.

३) आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

४) जेवणात डाळ, उसळ, दूध किंवा अंडे असू द्या.

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

गुरुजींनी दोन उठबशांनी सुरुवात केली. परवा ते एकटेच, काठी न घेता, माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले.

घरातल्या मुला-सुनांना एकच विनंती: आजोबांना पाण्याचा तांब्या हातात देऊ नका. त्यांना उठून घेऊ द्या. तीही सेवाच आहे.