पाणी किती प्यावं?

आमच्या लाखांदूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नवतपा लागला की घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला "पाणी पिऊन जा रे" असं सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे जास्त पाणी पिऊनही माणूस मरू शकतो असं मी मेसमध्ये म्हटलं तेव्हा सगळे हसले. हसणाऱ्यांत मेकॅनिकलवाले जास्त होते, म्हणून त्यांच्याच भाषेत, म्हणजे गणिताने सांगतो.

६० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. रक्तात सोडियमचं प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलीमोल. आपण १४० धरू. आता या पठ्ठ्याने पैजेखातर ४ लिटर साधं पाणी ढोसलं आणि लघवी झालीच नाही असं समजा. सोडियम तेवढंच, पाणी मात्र ४० लिटर. १४० गुणिले ३६ भागिले ४०, उत्तर १२६. (सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर असतं, पण पाणी पेशींच्या आवरणातून आरपार जातं, म्हणून हिशेब सगळ्या पाण्याचा करायचा.) १३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. काही तासांतच ते १२० पर्यंत घसरलं तर जिवावर बेततं.

का बेततं? ऑस्मॉसिस आपण बारावीला पाठ केलंय. बाहेरचं द्रावण पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात आहे, त्याला फुगायला जागा नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, शेवटी श्वास थांबतो.

"पण लघवी होते ना!" हो, होते. निरोगी मूत्रपिंडं तासाला जास्तीत जास्त ०.८ ते १ लिटर पाणी बाहेर टाकतात. ही चक्क कंट्रोल सिस्टीम आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सेन्सर, व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन म्हणजे व्हॉल्व्ह बंद करण्याचा सिग्नल. पाणी जास्त झालं की सिग्नल थांबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. गोची अशी की उलट्या, वेदना किंवा तासन् तास अंगमेहनत असली की सेन्सर काहीही सांगो, हे हार्मोन सुटतच राहतं. म्हणजे नळ सुरू आणि मोरीला बोळा!

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली निघालं, तिघांचं तर १२० किंवा त्याहून कमी. ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं, त्यांना धोका जास्त होता. धावून वजन वाढणार कसं? वाटेत पाणी पिऊनच. त्याच शर्यतीत एक तरुण धावपटू याच कारणाने दगावली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्राने पाणी पिऊन लघवी रोखून धरण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं एक व्हिडिओ गेम. त्यात भाग घेतलेली २८ वर्षांची एक आई त्याच दिवशी वारली. होस्टेलमधल्या पैजा याहून फार वेगळ्या नसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आमच्याकडे रोवणीला दिवसभर चिखलात वाकलेली माणसं घामासोबत मीठही घालवतात. १९२३ साली इंग्लंडमध्ये मॉस नावाच्या संशोधकाने कोळसा खाणीतल्या मजुरांबद्दल हेच मांडलं: घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्यांना पेटके येत, पाण्यात थोडं मीठ घातलं की थांबत. आंबील किंवा मीठ घातलेलं ताक शेतावर नेणाऱ्या आमच्या बायांना यात नवल वाटणार नाही.

उपासाच्या दिवशीही जपा. लघवी तयार व्हायला पाण्यासोबत क्षार आणि युरिया लागतात, ते जेवणातून येतात. दिवसभर पोटात काही नाही आणि पाण्यावर पाणी, अशा वेळी मूत्रपिंडांची क्षमताच घटते. आणि ते "रोज आठ ग्लास" प्रकरण? १९४५ मध्ये अमेरिकेच्या एका आहार-मंडळाने दिवसाला अडीच लिटर सांगितलं होतं, पण त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं असंही लगेच पुढे लिहिलं होतं. ते वाक्य कोणी वाचलं नाही. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आम्ही धानपट्ट्यातले लोक ताटातूनच किती पाणी खातो बघा.

खरी अडचण पुढे आहे. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं उन्हाच्या तडाख्यातही तीच. मित्र "अजून पाणी पाज" म्हणतात आणि घात होतो. आधी किती प्यायलाय ते विचारा. तहान नाही, लघवी पाण्यासारखी पांढरी, बोटातली अंगठी घट्ट झालीय, तर पाणी थांबवा. भ्रम किंवा झटके असतील तर तोंडात काहीही न ओतता थेट दवाखाना गाठा. तिथे ३ टक्क्यांचं सलाईन देतात, तेही सोडियम मोजून, कारण फार झपाट्याने वाढवलं तरी मेंदूला इजा होते.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायचं. २००२ पासूनच्या सूत्रात त्यात सोडियम लिटरला ७५ मिलीमोल असतं, म्हणजे रक्ताच्या साधारण निम्मं. तेव्हा घाम गेला नसताना ओआरएसच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या, तरी वरच्या गणितातलं उत्तर १४० च्या खालीच येतं. करून बघा, कागदावर.