माळ्यावरचं विमान पुन्हा उडवताना : आधी तपासणी, मग दुरुस्ती, रंग सगळ्यात शेवटी



घरातल्या माळ्यावर, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर किंवा एनसीसीच्या हवाई विभागाच्या खोलीत कधी कधी एक जुनं रेडिओ-नियंत्रित विमान धूळ खात पडलेलं असतं. दीड मीटर पसरलेले पंख, बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेली रंगीत फिल्म. कोणीतरी कित्येक संध्याकाळी खर्च करून ते बनवलेलं असतं. ते हाती आलं की पहिला विचार काय येतो? बॅटरी चार्ज करू, धूळ पुसू आणि रविवारी मैदानावर नेऊ.

थांबा. आधी एक छोटं गणित करू. समजा विमानाचं वस्तुमान २.४ किलो आहे आणि ते सेकंदाला १५ मीटर वेगाने उडतंय. गतिज ऊर्जा = ½ × २.४ × १५ × १५ = २७० ज्यूल. हेच विमान सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडलं तर जमिनीवर आदळताना तेवढीच ऊर्जा असते. शिवाय पुढे फिरणारा प्रॉपेलर आहेच. हवेत काही बिघडलं तर विमान तर जातंच, पण खाली कोण उभं आहे हेही ते बघत नाही.

म्हणून या पाठाचं सूत्र एकच : विमान दुरुस्त झालं की नाही, याचं उत्तर आकाशात शोधायचं नसतं. ते जमिनीवरच मिळवायचं असतं.

१. काळाने काय केलं ते आधी ओळखा

फाटलेली फिल्म आणि उडालेला रंग लगेच दिसतो, पण त्याने विमान सहसा पडत नाही. विमान पाडणाऱ्या गोष्टी आत लपलेल्या असतात. एक वही घ्या आणि नाकापासून शेपटीपर्यंत एकेक भाग तपासून लिहून काढा.

*इंजिनामागची भिंत.* जुन्या विमानांत बहुधा मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन असतं. त्याच्या इंधनात मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असतं. तेल पूर्ण जळत नाही, धुराबरोबर बाहेर पडतं आणि वर्षानुवर्षं लाकडात मुरतं. इंजिन ज्या प्लायवुडच्या भिंतीवर बसवलेलं असतं, ती तेलकट आणि मऊ झाली आहे का ते बघा. इंजिन धरून हळूच हलवा. भिंत हलली तर तिथला जोड सुटलाय. तेलकट लाकडावर कोणताच गोंद धरत नाही. त्यामुळे आधी तेल काढावं लागतं : आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, वरून कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर टाकायची, तेल शोषलं की झटकायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. लाकूड कुजल्यासारखं झालं असेल तर तो तुकडा कापून नवा बसवणंच बरं.

*बिजागऱ्या.* विमानाचे हलणारे भाग तीन : पंखावरची एलेरॉन, आडव्या शेपटीवरचं एलेव्हेटर आणि उभ्या शेपटीवरचं रडर. प्रत्येक भाग चिमटीत धरून बेताने ओढून बघा. बिजागरी सुटायचीच असेल तर ती तुमच्या हातात सुटू द्या.

*पंखाचा पीळ.* पंख टेबलावर ठेवा आणि मागून, डोळा पातळीवर आणून बघा. एक टोक वर, एक खाली असा पीळ दिसतो का? पंख ओलसर जागी किंवा एका बाजूला दाबून ठेवला की असं होतं. पीळ असलेलं विमान सतत एका कुशीवर कलतं. उपाय सोपा आहे. ही फिल्म उष्णतेने आकसते. एकाने पंख उलट दिशेला पिळून धरायचा, दुसऱ्याने मंद इस्त्री फिरवायची. थंड झाल्यावर फिल्म नव्या ताणात राहते आणि पंख सरळ होतो. यावरून एक गोष्ट कळते : फिल्म नुसती शोभेची नाही, पंखाला पिळापासून वाचवण्याचं काम तिचंच आहे.

*रबर आणि प्लास्टिक.* पंख धडाला बांधणारे रबरबँड, इंधनाच्या नळ्या, सर्व्हो मोटरला जोडलेल्या सळ्यांची प्लास्टिकची टोकं, या वस्तू स्वस्त असतात आणि वयाने ठिसूळ होतात. यांची परीक्षा घेत बसू नका, सरळ नवीन घाला.

२. बॅटरीवर विश्वास ठेवू नका, तिला मोजा

जुन्या विमानात रिसीव्हरसाठी निकेल-कॅडमियमचे चार सेल असतात. प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ४.८ व्होल्ट. मल्टिमीटर लावला तर जुनी बॅटरीसुद्धा छान आकडा दाखवते, कारण तिच्यावर भारच नसतो. खरी कसोटी भाराखाली होते.

पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला १० ओहमचा, ५ वॅट क्षमतेचा रोधक जोडा. ओहमच्या नियमाने प्रवाह = ४.८ ÷ १० = ०.४८ अँपिअर, म्हणजे ४८० मिलिअँपिअर. आता घड्याळ लावा. व्होल्टेज ४.४ वर आलं की थांबा. समजा २५ मिनिटं लागली. मग धारकता = ४८० × २५ ÷ ६० = २०० मिलिअँपिअर-तास. बॅटरीवर ६०० लिहिलेलं असेल, तर तिच्यात एक तृतीयांशच जीव उरलाय. रिसीव्हर बंद पडला की विमान कोणाचंच ऐकत नाही. अशी बॅटरी काढा आणि नवी निकेल-मेटल हायड्राइड बसवा. बॅटरीच्या वायरचं आवरण थोडं सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर वायर आणि स्विचसुद्धा बदला. कॅडमियम विषारी आहे, म्हणून जुने सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

३. रेडिओ : एक मीटरची वायर कुठे गेली?

जुन्या विमानाच्या धडातून साधारण एक मीटर लांबीची बारीक वायर बाहेर आलेली दिसेल. तो रिसीव्हरचा अँटेना. तो एवढा लांब का?

तरंगलांबी = प्रकाशाचा वेग ÷ वारंवारता. जुने संच ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालत. ३५ मेगाहर्ट्झसाठी तरंगलांबी ३०० ÷ ३५ = सुमारे ८.६ मीटर येते. लांब लहरीला लांब अँटेना लागतो. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आणि तिचा चौथा भाग जेमतेम ३ सेंटिमीटर. म्हणून नवा अँटेना बोटाएवढाच दिसतो.

फरक फक्त लांबीचा नाही. जुन्या पद्धतीत एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला की हवेतलं विमान गोंधळून कोसळायचं. त्यासाठी मैदानावर चॅनलच्या चिमट्यांचा फळा ठेवत. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच तो चॅनल वापरायचा. नव्या संचात रिसीव्हर आपलाच ट्रान्समीटर ओळखतो. म्हणून जुनं विमान जपा, पण रेडिओ नवा घाला. जुने सर्व्हो मात्र तपासून घ्या. हळूहळू हलवताना अडखळत किंवा थरथरत असतील तर तेही बदला.

नव्या संचात ‘फेलसेफ’ नावाची सोय असते. संपर्क तुटला तर सर्व्होंनी काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवता येतं. इंजिन बंद किंवा अगदी मंद होईल असंच ते ठेवा. ते खरंच होतंय का, हे प्रॉपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून बघा.

४. तोल : सगळ्यात मोठा धडा

विमानवाल्यांत एक बोलणं आहे : नाक जड असेल तर विमान नीट उडत नाही, शेपूट जड असेल तर ते एकदाच उडतं!

विमानाचा गुरुत्वमध्य कुठे हवा? साध्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर ठेवतात. पंख २८ सेंमी रुंद असेल तर हा पट्टा ७ ते ९.३ सेंमीचा. विमानाचा मूळ आराखडा मिळाला तर त्यातला आकडाच खरा माना.

आता दुरुस्तीने तोल कसा बिघडतो ते बघा. नवी बॅटरी आणि नवा रिसीव्हर जुन्यापेक्षा हलके असतात. शेपटीला आपण चिकटपट्टी, गोंद, रंग लावतो. विमान दोन बोटांवर तोलून पाहिलं आणि गुरुत्वमध्य १०.५ सेंमीवर आला. हवा होता ८.५ वर. म्हणजे २ सेंमी मागे.

तरफेचा नियम आठवा. हव्या असलेल्या बिंदूला टेकू समजा.

मागे झुकवणारं आघूर्ण = २४०० ग्रॅम × २ सेंमी = ४८०० ग्रॅम-सेंमी.

नाकात, टेकूपासून ४० सेंमी पुढे, वजन ठेवायचं आहे. म्हणून वजन = ४८०० ÷ ४० = १२० ग्रॅम.

पण थांबा, लगेच शिसं भरू नका. आधी घरातलंच वजन सरकवून बघा. १०० ग्रॅमची बॅटरी २० सेंमी पुढे सरकवली तर १०० × २० = २००० ग्रॅम-सेंमी फुकटात मिळाले. उरले २८००. आता नाकात ७० ग्रॅम पुरतात.

शेपटी टेकूपासून ७० सेंमी मागे असेल तर तिथला प्रत्येक ग्रॅम नाकात पावणेदोन ग्रॅम मागतो. म्हणून शेपटीची दुरुस्ती कमीत कमी गोंदात करायची आणि रंगाचा हात तिथे आवरायचा. इंधनावरच्या विमानाचा तोल टाकी रिकामी ठेवून बघतात, कारण टाकी पुढे असते आणि इंधन संपत जातं तसं शेपूट जड होत जातं.

हलकेपणाचं महत्त्व किती? २००३ साली मेनार्ड हिल यांच्या गटाचं एक मॉडेल विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघून जवळजवळ ३९ तासांनी आयर्लंडला उतरलं. बाल्सा लाकडाचं ते विमान इंधनासकट ५ किलोच्या आत होतं!

५. उडवण्यापूर्वीची उजळणी

विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर. समोरून बघाल तर डावं-उजवं उलटं होईल.

• एलेरॉनची काडी उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर, डावं खाली. लक्षात ठेवायची खूण : अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूचं एलेरॉन वर.
• एलेव्हेटरची काडी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर.
• रडरची काडी उजवीकडे नेली की रडर उजवीकडे.

ही तपासणी अगदी प्राथमिक वाटते ना? पण दुरुस्तीत सर्व्हो बदलला की दिशा उलटी होऊ शकते, आणि उलट्या एलेरॉनचं विमान सावरायला जाल तसं अधिकच कलतं. म्हणून ही तपासणी प्रत्येक उड्डाणापूर्वी, मोठ्याने बोलून करायची.

त्यानंतर रेडिओचा पल्ला : ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून, माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून सगळे भाग हलतात का ते बघा. एकदा इंजिन बंद असताना, एकदा चालू असताना.

प्रॉपेलरपासून जपून. १० इंची प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होतो. इंजिन चालू असताना त्याच्या समोर किंवा बाजूला उभं राहायचं नाही. तडा गेलेला प्रॉपेलर चिकटवायचा नाही, फेकायचा.

जागा मोकळी, वस्तीपासून आणि विमानतळापासून दूर हवी. भारतात अशा विमानांना ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. सरकारी नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते मोठ्यांच्या मदतीने बघा. पहिलं उड्डाण सकाळी, वारा शांत असताना, वाऱ्याच्या तोंडाला आणि अनुभवी माणसाच्या हातून करा. तुम्ही शेजारी उभं राहून बघा. त्यात कमीपणा नाही.

आणि वहीतल्या यादीत एक जरी खूण बाकी असेल तर विमान परत घरी न्या. पुढचा रविवार येतोच. ज्याने ते बनवलं, त्याच्या मेहनतीचा तोच खरा मान.

स्वाध्याय

१. वरच्याच विमानाच्या शेपटीला, टेकूपासून ७० सेंमीवर, २० ग्रॅम गोंद लागला. तोल राखायला नाकात ४० सेंमीवर किती वजन लागेल? (उत्तर : ३५ ग्रॅम)
२. ७२ मेगाहर्ट्झसाठी तरंगलांबी काढा. (उत्तर : सुमारे ४.२ मीटर)
३. भार न जोडता मोजलेलं व्होल्टेज फसवं का असतं, ते चार ओळींत लिहा.
४. उपक्रम : पुठ्ठ्याचं हातफेकीचं ग्लायडर बनवा. नाकाला पेपरक्लिप लावून, काढून, सरकवून उड्डाण कसं बदलतं त्याची नोंद ठेवा.